कापलेलं दीड मिनिट

दोहात विरुपाक्षला सगळे 'सर' म्हणायचे. नेकनूरच्या कुणाला हे सांगितलं असतं तर तो पोट धरधरून हसला असता. बापाच्या किराणा दुकानात पुड्या बांधता बांधता गिऱ्हाइकांच्या नकला करणारा आणि मराठीच्या पेपरात दोनदा गचकलेला रुद्रप्पांचा हा पोरगा कधी कुणाचा सर होईल, असं त्याच्या आईला, नीलम्मालासुद्धा वाटलं नव्हतं. पण परदेशात आपल्याला आधीपासून ओळखणारं कोणी नसतं आणि हा परदेशाचा मोठाच फायदा आहे. एका कॅटरिंग कंपनीच्या गोदामात बारा वर्षं तांदळाची पोती मोजल्यावर त्यानं एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, एका केरळी हॉटेलच्या माडीवर चार मराठी माणसं जमवली आणि त्यांना स्टँड-अप कॉमेडी शिकवायला सुरुवात केली.

स्वतः तो स्टेजवर दोनदाच उभा राहिला होता आणि दोन्ही वेळा लोक चहाला उठून गेले होते. मात्र दुसऱ्याचं कुठं चुकतंय हे त्याला बरोबर कळायचं. कुणी एक वाक्य जास्त बोललं की त्याच्या कपाळावर आठी यायची. त्याचे नियम तीनच होते. घरचं सांगा, खरं सांगा, आणि हशा आला की थांबा. हशानंतर जो बोलतो तो आपल्याच पानातली भाजी सांडतो, असं तो म्हणायचा, आणि नळदुरुस्ती करणारे, ड्रायव्हर, एक नर्सबाई असे त्याचे चेले ते वहीत लिहून घ्यायचे.

भारत दुसऱ्या वर्षी आला. सव्वीस वर्षांचा, शिरूर कासारच्या पुढं असलेल्या एका वस्तीवरचा. आईबाप ऊसतोडीला जाणारे, त्यातला बाप वारलेला. विरुपाक्षच्याच कंपनीच्या किचनमध्ये तो भांडी धुवायचा आणि उरलेलं अन्न टाकायचा. पाच-सहा शुक्रवार तो नुसता भिंतीला टेकून बसला. मग एकदा चहा पिता पिता त्यानं गावाकडची एक गोष्ट सांगितली.

गोष्ट ताजी होती, त्याच एकोणीस सालची. शिरूरकडं पाण्याचा थेंब नव्हता. दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली होती आणि भारतची आई छबुबाई दोन बैल आणि एक गाय घेऊन तिथंच राहायला गेली होती. चारा जनावर मोजून मिळायचा. छबुबाईची गाय आठव्या दिवशी मेली. ते सांगितलं असतं तर गाईचा चारा बंद झाला असता, आणि उरलेल्या वाट्यावर बैल तगले नसते. तेव्हा शेजारची बायनाबाई म्हणाली, मोजणीपुरती माझी गाय घे. संस्थेचा कारकून मुंजाजी सकाळी सातला वही घेऊन निघायचा. पहिल्या ओळीत बायनाबाईच्या खुंट्यावर गाय मोजून झाली की ती तंबूंच्या मागून तिसऱ्या ओळीत छबुबाईच्या खुंट्याला यायची. छबुबाई मेलेल्या गाईचा पत्र्याचा बिल्ला कनवटीतून काढून तिच्या गळ्यात अडकवायची. पंधरा दिवसांत गाय इतकी तयार झाली, की मुंजाजीनं पहिल्या खुंट्याशी वहीत पेन टेकवलं की ती आपली आपण चालायला लागायची आणि तिसऱ्या ओळीत येऊन बिल्ल्यासाठी मान खाली घालायची.

"आपल्यासारखीच की सर," भारत म्हणाला. "एक ड्युटी संपली की दुसरीवर हजर. बिल्ला तेवढा बदलायचा."

माडीवर सगळे खो-खो हसले. विरुपाक्ष मात्र हसला नाही. त्याचे कान टवकारले. असा मुद्दा वर्षातून एकदा हाती लागतो.

"हे पाडव्याच्या कार्यक्रमात तू करायचंस."

"न्हाई सर. आईनं हसत हसत सांगितलं मला फोनवर, पण वर म्हणली, कुनाला बोलू नको."

"अरे, आई शिरूरला, आपन दोहात. मधी आख्खा समुद्र हाय. कोन जातंय सांगायला?"

भारत तीन आठवडे नाही म्हणत राहिला. विरुपाक्षनं त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, मग रुसून दाखवलं, मग एक शुक्रवार त्याच्याशी बोललाच नाही. शेवटी व्हिडिओ कुठंही टाकणार नाही असा शब्द दिला. भारत तयार झाला.

पाडव्याला हॉलमध्ये तीनशे माणूस होतं. विरुपाक्षनं आपला फोन पुढच्या रांगेत रेकॉर्डिंगला लावून ठेवला होता. गाईनं मान खाली घातली तिथं असा हशा उसळला, की मागच्या खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. इथं थांबायचं, असं शंभरदा ठरलं होतं. भारत थांबला नाही. हशा ओसरेपर्यंत उभा राहिला आणि मग आईबद्दल बोलायला लागला, दीड मिनिट. हॉल चिडीचूप झाला. पडद्याआडून विरुपाक्ष मनगटावरचं घड्याळ ठोकत होता, हातानं खुणा करत होता. भारत बोलून उतरला तेव्हा टाळ्यासुद्धा नीट वाजल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर विरुपाक्ष त्याला म्हणाला, "सोन्यासारखं केलंस आणि शेवटी माती केलीस."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं फोनवरचं ते रेकॉर्डिंग पाहिलं. शेवटचं दीड मिनिट कापलं. दिलेला शब्द त्याला आठवत नव्हता असं नाही. चांगला आठवत होता. पण कापल्यावर तो तुकडा इतका देखणा झाला, की त्याला राहवलं नाही. खाली 'मार्गदर्शक : विरुपाक्ष सर' असं लिहून, आपला फोटो जोडून त्यानं तो नेटवर टाकला.

मधला समुद्र त्या व्हिडिओनं दोन दिवसांत ओलांडला. तिसऱ्या दिवशी तो शिरूरच्या प्रत्येक फोनवर होता. संस्थेच्या चेअरमनच्या विरोधकांनी तोच तहसीलदारांपुढं नेऊन धरला, की बघा, छावणीत एकच गाय दोनदा जेवते. चेअरमननं अंगावरची माशी हाकलावी तसं त्या दिवशी संध्याकाळी लाउडस्पीकरवर दोन नावं पुकारली. छबुबाई आणि बायनाबाई. जनावरं सोडा आणि जा. महिन्याभरात छबुबाईनं बैलांची जोडी नेकनूरच्या बाजारात विकली. आणि नाव पुकारलं गेलं त्या दिवसापासून तिनं भारतचा फोन उचलला नाही.

भारत विरुपाक्षच्या खोलीवर आला होता. भांडला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "सर, जे झालं ते झालं. ते शेवटचं घालून पुन्ना टाका. न्हाईतर मला द्या, मी आईला पाठवतो. तिनं तेवढं ऐकलं पायजे."

"ते पुसलं गेलं रे," विरुपाक्ष म्हणाला. "फोनमध्ये जागा नव्हती."

पुसलं गेलं नव्हतं. खिशातल्याच फोनमध्ये होतं. पण त्या व्हिडिओखाली लोक लिहीत होते, की शेवट काय जबरदस्त आहे, पोराला कुणी तयार केलं. दुबईच्या एका मंडळानं विरुपाक्ष सरांना शिबिर घ्यायला बोलावलं होतं. पूर्ण व्हिडिओ बाहेर आला असता तर सगळ्यांना दिसलं असतं, की त्यातला जिवंत भाग कोणता होता आणि सरांनी कात्री कुठं चालवली. एवढ्याशासाठी तो खोटं बोलला. भारतनं मान डोलावली. गुरूवर अविश्वास दाखवायची त्याची रीत नव्हती.

जूनच्या सुरुवातीला विरुपाक्ष सुट्टीवर निघाला तेव्हा भारत विमानतळापर्यंत बॅग उचलायला आला. "आईला भेटा एकदा," म्हणाला. "फक्त फोन उचल म्हणा. दुसरं कायच न्हाई."

नेकनूरला येऊन चार दिवस झाले तरी विरुपाक्ष शिरूरला गेला नाही. पहिल्या दिवशी थकवा होता, दुसऱ्या दिवशी बहीण आली, तिसऱ्या दिवशी त्यानं पोट बिघडल्याचं सांगितलं, आणि चौथ्या दिवशी पोट खरंच बिघडलं. दुकानात बसलं की समोरच्या रस्त्यानं बाजाराकडं जनावरं जायची, बरगड्या मोजता येतील अशी, आणि त्याला वाटायचं, ती जोडी इथूनच गेली असेल. आपल्या बापाच्या दुकानासमोरून. पाचव्या दिवशी त्यानं अंघोळ केली, खजुराची दोन खोकी पिशवीत टाकली आणि बीडची पहिली बस धरली.

बीडवरून शिरूर, शिरूरवरून जीप. जूनचे दिवस असूनही आभाळ कोरडं ठक्क होतं. छबुबाई छावणीत नाही हे त्याला माहीत होतं, पण जीपवाल्यानं छावणीपाशीच उतरवलं. पुढं वस्तीपर्यंत वाहन जात नव्हतं. माळावर तंबूंच्या ओळी, उसाच्या वाढ्यांचे, म्हणजे हिरव्या शेंड्यांचे, भारे, शेणाचा आणि ओल्या पेंडीचा वास. दर्शनी फलकावर लिहिलं होतं, मोठी जनावरं सातशे बावन्न. विरुपाक्षनं आयुष्यभर पोती मोजली होती. नजर टाकताच त्याला कळलं, की हे चारशेच्या वर जात नाही.

कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातले चेअरमन अर्जुनराव खुर्चीत बसून ताक पीत होते. त्यांनी विरुपाक्षकडं निरखून पाहिलं आणि खुर्चीतून उठलेच.

"आरं! तुमी दोह्याचे सर ना? त्या व्हिडिओखाली फोटो हाय तुमचा. ये मुंजाजी, खुर्ची आन बे सरांला!"

मुंजाजीनं खुर्ची आणली. हडकुळा, चष्म्यावाला माणूस. विरुपाक्षला त्याच्या तोंडाकडं बघवेना. हॉलमधली तीनशे माणसं याच्याच पेनाला हसली होती.

"लई हसलो राव," अर्जुनराव सांगू लागले. "आमची मंडळी तर जेवता जेवता हसली, ठसका लागला तिला. त्या गाईचं मान खाली घालनं! तुमी लई तयार केलतं पोराला."

"त्या दोन बायकांला काढलं म्हनं," विरुपाक्ष म्हणाला.

"काढावं लागलं. मला काय हौस हाय? विरोधक व्हिडिओ घेऊन गेलते तहसीलला. दोन नावं काढली, आहवाल गेला, इषय मिटला." त्यांनी ताकाचा घोट घेतला. "तसं बघितलं तर मला सगळं ठावं व्हतं सर. मुंजाजीला बी ठावं व्हतं. न्हाई का रे?"

मुंजाजीनं चष्मा काढून शर्टाला पुसला. "माज्या समोरूनच जायची की गाय," तो म्हणाला. "मी वही बघायचो."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. अख्खी छावणी एका बाईसाठी वहीकडं बघत होती, साधी माणसं आणि आकडे फुगवणारे खरे चोर दोघंही. आणि तिला हुसकायला माणूस लागला तो दोहातून. अर्जुनरावांनी विरुपाक्षच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. फोटोत तो हसला, कारण फोटोत हसायची सवय होती, आणि मग त्या हसण्याची त्याला किळस आली.

मुंजाजीनं त्याला पायवाट दाखवली. वस्ती दहा मिनिटांवर होती. छबुबाईचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं टँकरच्या पाण्याचे दोन निळे ड्रम, आणि कडेला गोठा. गोठ्यात काहीही नव्हतं, तरी तो झाडून ठेवलेला होता. दारात एक ठेंगणी म्हातारी मिसरी लावत बसली होती. तिनं त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"कोन पायजे?"

"छबुमावशी. मी दोह्यावरून आलोय. भारतबरोबर असतो."

"त्या मुडद्याबरोबर?" म्हातारी थुंकली. "मी बायना. ज्या गाईनं तुमाला हसवलं ना, तिची मालकीन."

आतून छबुबाई आली. उंच, वाळकी, कपाळ रिकामं. भारतचे डोळे कुठून आले हे बघताच कळत होतं. "सर का?" तिनं विचारलं. "या. तुमचं लई सांगायचा." तिनं घोंगडी अंथरली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि त्यामुळं विरुपाक्षला बसवेना.

तिनं कोरा चहा केला. विरुपाक्षनं खजूर पुढं केले आणि बोलायला सुरुवात केली. येताना बसमध्ये त्यानं वाक्यन् वाक्य ठरवलं होतं: मावशी, चूक माझी आहे, इथपासून. तोंडातून निघालं ते भलतंच. दोहात उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ सोडला तरी चहा होतो, हे निघालं. अरबी मुकादम कसा शिव्या घालतो आणि त्या आपल्याला स्तोत्रासारख्या कशा वाटतात, हे निघालं. बायनाबाई आधी तोंड वाकडं करून बसली होती, मग तिला हसू फुटलं, मग तिनं मांडीवर थाप मारली. विरुपाक्षला आणखी चेव आला. नर्सबाईची नक्कल झाली. आणि त्या नकलेच्या ऐन मध्यात त्याच्या लक्षात आलं, की आपण कार्यक्रम करतोय. या बाईची जोडी विकली गेली, लेक तुटला, आणि आपण तिच्या दारात बसून हशा मोजतोय. तो बोलता बोलता थांबला.

छबुबाई हसली नव्हती.

"भारत बरा हाय?" तिनं विचारलं.

"बरा हाय. फोन उचला म्हनला."

"कशाला उचलावा?" बायनाबाई पुन्हा भडकली. "आयची गंमत करून टाळ्या घेतो! मी हिला रोज सांगते, आसा लेक असन्यापरीस नसल्याला बरा. माजी गाय लेकीच्या सासरी नेऊन बांधली मी. तिथं ती सकाळी सात वाजता दावं वढती बघा. तिला वाटतं, आजून ड्युटी हाय." आणि एवढं बोलून तिच्याच डोळ्यांत पाणी आलं, तसं तिनं पदरानं नाक पुसून पुन्हा भारतला एक शिवी हासडली.

छबुबाई तिला काही म्हणाली नाही. बायनाबाई रोज येऊन शिव्या घालायची आणि ती रोज ऐकून घ्यायची. तेवढं तिचं देणं आपल्याकडं लागतं, अशा समजुतीनं. जरा वेळानं ती विरुपाक्षकडं न बघता बोलली.

"मला बैलाचं न्हाई काई. त्याच जोडीच्या गाडीवर मी भावासंगं तोडीला जायची, आता डोक्यावर मोळ्या वाहीन. लोक हसले त्याचं बी न्हाई. मीच हसत सांगितलतं त्याला. बायनाच्या पोराच्या फोनवर मी ते तीनदा ऐकलं सर. त्याला गाय आठवली. बिल्ला आठवला. मुंजाजीचं पेन आठवलं. बायना आठवली. त्यात मी कुटंच न्हाई. मी नुसती बिल्ला अडकवनारी. मला एवढंच कळंना, कावून आसं? मी त्याला दिसले न्हाई का?"

आयुष्यात पहिल्यांदा विरुपाक्षला एकही विनोद सुचला नाही. फोन त्याच्या छातीवरच्या खिशात होता आणि तो जड लागत होता. दाखवला तर ही बाई लेकाशी बोलेल, आणि तो लेक आपल्याशी पुन्हा कधी बोलणार नाही. नाही दाखवला तर चहा पिऊन उठता येईल. संध्याकाळच्या आत नेकनूर गाठता येईल. हा दुसरा रस्ता त्यानं खरोखर मनात एकदा चालून पाहिला. बसचं तिकीटसुद्धा काढलं. आणि मग छबुबाईनं खाली ठेवलेल्या त्याच्या कपबशीवरची माशी पदरानं हाकलली, पाहुण्याच्या कपावर माशी नको म्हणून, आणि त्याला ते सहन झालं नाही.

"तो बोललाय मावशी," तो म्हणाला. "तुमच्याबद्दल बोललाय. ते मी कापलं."

"काय कापलं?"

"शेवटचं. त्याला गोष्ट सांगायचीच नव्हती, मी भरीला घातलं. व्हिडिओ टाकनार न्हाई म्हनलतो, मीच टाकला. आन टाकताना तुमच्यावरचं सगळं काढून टाकलं. लोक हसत नव्हते तिथं, म्हनून."

बायनाबाईची मिसरी तोंडातच राहिली. विरुपाक्षनं फोन काढला. दोनदा भलतंच उघडलं. मग त्यानं ते शेवटच्या दीड मिनिटावर सरकवलं आणि फोन छबुबाईच्या हातात दिला.

भारत स्टेजवर उभा होता, इस्त्री नसलेला निळा सदरा घालून. हशा विरत होता.

"आता हसून झालं आसंल तर ऐका," तो म्हणत होता. "त्या दुसऱ्या वाट्याचा चारा आईनं आपल्या बैलाला सगळा टाकला न्हाई. आर्धा बायनामावशीच्या गाईला टाकायची. म्हनायची, तिनं चालून मिळवलाय. माज्या आईनं आख्खी हयात दुसऱ्याच्या उसाच्या मोळ्या वाहिल्या, त्यातलं एक टिपरू कधी खोपीवर आणलं न्हाई. आमी पोरं रडायचो उसासाठी, तरी न्हाई. तिला खोटं बोलता येत न्हाई. मोजनी आली की ती तोंड फिरवून उभी ऱ्हायची, कावून की मुंजाजीनं इचारलंच, तर तिच्या तोंडून खरं निघंल. मी इथं किचनमध्ये रोज चांगला भात पोत्यानं फेकतो. ती तिथं मेलेल्या गाईचा बिल्ला कनवटीला लावून झोपती. पहिल्यांदा मला बी हसू आलतं. पर त्या दिवसापास्नं भात फेकताना माजा हात उठंना. सर म्हनतात, हशावर थांब. मला थांबता यीना. माफ करा."

पुढं नुसती शांतता, आणि कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग चित्र गोठलं.

छबुबाईनं फोन तसाच धरून ठेवला. बायनाबाई मोठ्यानं रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "आर्धा टाकायची व्हय गं? मला म्हनली व्हतीस, उरलंय म्हनून टाकते." छबुबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती पडद्यावरच्या पोराकडं बघत होती.

"हे तुमच्यापाशी कधीपास्नं हाय?" तिनं विचारलं.

"पाडव्यापास्नं."

"बैल मी पाडव्यानंतर वीस दिसांनी इकले." ती हिशेब मांडत नव्हती, नुसतं आठवत होती. "त्या दिसात मला लई वाटायचं, त्याला फोन करावा आन इचारावं, इकू का नको. केला न्हाई."

विरुपाक्षनं हात जोडले. "मावशी, मी..."

"फोन लावून द्या त्याला," छबुबाई म्हणाली.

त्यानं स्पीकरवर लावून दिला. दोहात दुपार व्हायची होती. भारत ड्युटीवर असणार होता. तरी दुसऱ्याच घंटीला आवाज आला. मागं भांड्यांचा खणखणाट होता.

"बोला सर! भेटली का आई?"

"मी हाय," छबुबाई म्हणाली.

भांडी थांबली. मग तिकडून एक आवाज आला, रडण्याचा म्हणावा तर तसाही नाही, आणि छबुबाई घाईनं म्हणाली, "ये, गप. गप ऱ्हा. लोक बघतील तुजे. मी पाह्यलं सगळं. शेवटचं बी पाह्यलं."

"शेवटचं?" भारतच्या आवाजात भाबडं नवल होतं. "ते कुटं मिळालं तुला? ते तर पुसलं गेलं की, आई. सरांच्या फोनमधी जागाच नव्हती."

छबुबाईनं मान वळवून विरुपाक्षकडं पाहिलं. खोटं बोलता न येणाऱ्या माणसाची ती नजर होती. तिला त्या खोट्याचा अर्थ लागायला जरा वेळ लागला, आणि लागला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. तिला त्याची लाज वाटली. विरुपाक्षला राग चालला असता. तिनं फोन त्याच्यापुढं धरला.

"तुमीच सांगा त्याला."

त्यानं फोन हातात घेतला. हजार माणसांपुढं बोलायची हिंमत दुसऱ्यांना शिकवणारा हा माणूस, पण शब्द ओठांपर्यंत आणायला त्याला फार जोर लावावा लागला.

"भारत. पुसलं नव्हतं. माझ्यापाशीच होतं. तू मागितलंस त्या दिवशी बी होतं."

तिकडं कुणीतरी हिंदीत भारतला हाक मारली, कामाची. भारतनं ओ दिली नाही. विरुपाक्ष वाट बघत राहिला. शिवी येईल, रडं येईल, काहीतरी येईल आणि आपल्याला माफी मागायला जागा होईल, असं त्याला वाटत होतं. तो त्या जागेसाठी आसुसला होता.

"आईला द्या फोन," भारत म्हणाला.

त्यानं दिला. छबुबाई फोन घेऊन रिकाम्या गोठ्याकडं गेली आणि यांच्याकडं पाठ करून हळू आवाजात बोलत राहिली. बायनाबाईनं डोळे पुसले, पुढ्यातली खजुराची दोन्ही खोकी उचलली आणि विरुपाक्षच्या मांडीवर परत ठेवली. कुणी जा म्हणालं नाही. फोन तिच्याकडं होता, म्हणून त्याला जाताही येईना. मायलेकांचं बोलणं संपेपर्यंत तो त्या घोंगडीवर खाली मान घालून बसून राहिला, आणि ते लवकर संपलं नाही.